‘श्यामची आई’ : अश्रू आणि मोळी

स्वतंत्र भारताच्या सरकारने चित्रपटांना राष्ट्रीय पारितोषिके देण्याची प्रथा १९५४ साली सुरू केली. आदल्या वर्षीच्या चित्रपटांमधून सर्वोत्कृष्ट कथापट म्हणून राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते एका मराठी चित्रपटाला, आचार्य प्र. के. अत्रे यांनी निर्माण व दिग्दर्शित केलेल्या ‘श्यामची आई’ला. त्याच वेळी बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ला गुणवत्तेचे प्रमाणपत्र देण्यात आले. योगायोग असा की या दोन्ही चित्रपटांत कर्जाने पोखरलेले एक घर आहे. एका घरातला शेतकरी जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढतो. दुसऱ्या घरातली माउली आपल्या मुलाच्या मनावर संस्कार करीत करीत झिजून जाते. नवस्वतंत्र देशाने पहिला मान दुसऱ्या घराला दिला.

या मानाविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील बहुतेक लिखाण गौरवपर आहे. हा गौरव अस्थानी होता असे सुचवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ‘श्यामची आई’ पाहताना डोळे ओले होत नाहीत असा मराठी माणूस विरळा, आणि त्या ओलाव्यात काही खोटे नाही. मात्र समीक्षेला याच्या पुढे जाऊन एक प्रश्न विचारावा लागतो. हे अश्रू आपल्याला कोठे नेतात? चित्रपटगृहाच्या दारापर्यंत, की दाराबाहेरच्या रस्त्यावर? खानदेशातील वाचकांना हा प्रश्न विशेष लागू पडतो. ज्या पुरुषाच्या आठवणींवर हा चित्रपट उभा आहे, त्याचे सार्वजनिक आयुष्य घडले ते याच मुलखात.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. परंतु ‘श्याम’चे ‘साने गुरुजी’ झाले ते अमळनेरला. तत्त्वज्ञान विषय घेऊन एम. ए. झालेला हा तरुण प्रथम तेथील तत्त्वज्ञान मंदिरात आला आणि १९२४ पासून प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून काम करू लागला. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा मुलांच्या खोल्या झाडण्यापासून आजारी मुलाच्या उशाशी बसण्यापर्यंत सर्व कामे त्यांनी स्वतः केली आणि मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक चालवले. १९३० साली त्यांनी नोकरी सोडली व ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे दर रविवारी विनोबा गीतेवर प्रवचन करीत आणि गुरुजी ते टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ महाराष्ट्राला लाभला तो धुळ्याच्या तुरुंगातील त्या लेखणीमुळे. पुढे १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन; पंडित नेहरू अध्यक्ष, गांधीजी उपस्थित, आणि तिलकनगराची सजावट नंदलाल बोस यांची. त्या अधिवेशनाच्या तयारीसाठी गुरुजी खानदेशातील गावे पायाखाली घालत होते. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक सुरू केले आणि शेतकऱ्यांच्या शेतसाऱ्याचा व गिरणी कामगारांच्या पोटाचा प्रश्न त्यात मांडला.

इतका तपशील देण्याचे कारण असे की, पडद्यावरील ‘श्यामची आई’चा गाभा आहे तो कोकणातील बालपणाचा. ज्याचे कर्तृत्व तापी आणि बोरीच्या काठी उभे राहिले, तो माणूस लोकांच्या मनात कोकणातल्या एका हळव्या मुलाच्या रूपाने घर करून राहिला. ‘साने गुरुजी’ हा शब्द उच्चारताच आपल्यासमोर आईच्या पदराआड उभा असलेला मुलगा येतो. कामगारांच्या सभेत उभा असलेला माणूस येत नाही. हा दोष एकट्या चित्रपटाचा खचित नाही. तथापि ही प्रतिमा दृढ करण्यात त्याचा वाटा मोठा आहे, म्हणून तो कसा घडला हे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम पुस्तकाचा विचार करू. ‘श्यामची आई’ हे पुस्तक गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याची रचना वरवर साधी वाटली तरी विचारपूर्वक केलेली आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे आहेत आणि अशा ४२ रात्री आहेत. रात्रीची गोष्ट संपते, मंडळी उठतात, झोपी जातात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. ऐकणे आणि करणे यांच्यामध्ये रोज एक दिवस येतो. शिवाय ऐकणारे तरुण सेवेसाठी एकत्र आलेले आहेत. त्यामुळे आईची प्रत्येक आठवण उद्याच्या कामाची शिदोरी म्हणून येते. आईच्या निधनानंतरही निवेदन लगेच थांबत नाही.

या ४२ रात्रींपैकी एका रात्रीची आठवण येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. गावातील एक वृद्ध महार स्त्री डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चाललेली असते. मोळी खाली पडते. ती पुन्हा डोक्यावर घ्यायला कोणीतरी हात लावायला हवा. पण शिवाशिवीच्या भयाने कोणी पुढे होत नाही. श्यामच्या आईच्या दृष्टीस हे पडते. ती मुलाला सांगते की, जा आणि तिच्या डोक्यावर मोळी चढव, मग घरी येऊन आंघोळ कर. श्याम जातो, मोळी उचलून देतो.

या प्रसंगाचे मोल त्याच्या अपुरेपणातही आहे. आई रूढी मोडते, पण पुरती मोडत नाही. मोळीला हात लावायला ती मुलाला पाठवते आणि त्याच वाक्यात त्याला आंघोळ करायलाही सांगते. गुरुजींनी आईला आहे त्यापेक्षा मोठी करून दाखवली नाही. ती आंघोळ गाळून टाकली असती तर चित्र अधिक उजळ झाले असते. परंतु ते खरे राहिले नसते. त्या काळच्या कोकणातील एका गरीब ब्राह्मण गृहिणीचे मन जेथवर जाऊ शकत होते तेथवर ती गेली. उरलेली वाट मुलाने चालावयाची होती.

मुलगा ती वाट चालला, हे आपण जाणतो. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी सेनापती बापट यांच्यासह महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना हा हट्ट कशाला, असे म्हणणारे पुष्कळ होते. १० मे रोजी, मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर, उपोषण सुटले. लहानपणी मोळीला लावलेला हात आणि पंढरपूरचे दहा दिवस यांमध्ये एक सरळ रेषा आहे, आणि त्या रेषेच्या दुसऱ्या टोकाला आंघोळ उरलेली नाही. ‘श्यामची आई’ वाचायची ती अशी, घरातून निघून समाजात पोहोचणारी गोष्ट म्हणून.

आता चित्रपटाकडे वळू. चित्रपट १९५३ साली पडद्यावर आला तेव्हा गुरुजींना जाऊन तीन वर्षेही झाली नव्हती. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले होते, समाजाचे प्रायश्चित्त आपल्या देहावर घेतले होते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. परंतु स्वतंत्र देशात वाढत चाललेली विषमता आणि द्वेष त्यांना सोसवेना. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवले. त्या निर्णयाचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो परमेश्वराच्या करुणेवर सोपवावा. एवढे मात्र खरे की, ज्या महाराष्ट्राने त्यांचे पुरते ऐकले नव्हते, तो महाराष्ट्र त्यांच्या आठवणीने व्याकूळ झाला होता. अशा शोकाकुल प्रेक्षकासमोर अत्र्यांनी ‘श्यामची आई’ आणली.

अत्रे हे काही भाबडे दिग्दर्शक नव्हते. शिक्षक, विडंबनकार, नाटककार, पत्रकार, वक्ते आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील सेनानी अशी त्यांची अनेक रूपे. लोकरंजन आणि लोककारण या दोन्ही क्षेत्रांत एकाच वेळी इतक्या सहजतेने वावरणारा दुसरा मराठी माणूस त्या काळात सापडणार नाही. हसवण्याची आणि रडवण्याची वेळ त्यांना अचूक कळे. म्हणून आईच्या कथेत त्यांनी पंतोजींच्या छडीचे ‘छडी लागे छम्‌छम्’ हे खट्याळ गाणे आणले आणि द्रौपदी व श्रीकृष्ण यांच्या बंधुप्रेमाचे गाणेही आणले. वसंत देसाई यांच्या संगीताने ही गाणी घरोघर पोहोचली. आईच्या भूमिकेसाठी त्यांनी वनमाला यांची निवड केली. ‘सिकंदर’ या १९४१ च्या गाजलेल्या हिंदी चित्रपटाची ही देखणी नायिका कोकणातील दरिद्री घरात उभी करणे हे धाडसच होते. ते यशस्वी झाले, कारण वनमालांनी आईची माया तिच्या करारीपणापासून वेगळी काढली नाही. श्यामच्या भूमिकेत माधव वझे या मुलाचा निरागसपणा असा उतरला की, पुढे आयुष्यभर त्यांची ओळख त्या नावाशी जोडलेली राहिली.

हे सर्व गुण मान्य करून एक मूलभूत फरक नोंदवला पाहिजे. पुस्तकात ४२ रात्री आहेत. चित्रपटाला एकच संध्याकाळ आहे. पुस्तकातील श्रोता दर रात्रीनंतर झोपतो आणि सकाळी कामाला जातो. चित्रपटातील प्रेक्षक अंधारात सलग बसून एका दुःखाकडे ओढला जातो. ते दुःख म्हणजे आईचा मृत्यू. त्या शिखरावर पोहोचल्यावर आधीचे सारे प्रसंग, मग ते शिवाशिवीचे असोत, सावकाराच्या अपमानाचे असोत किंवा पोहायला घाबरणाऱ्या मुलाला धाक दाखवून विहिरीवर पाठवण्याचे असोत, मागे पडतात आणि मनात उरते ते एकच : आई गेली. ही त्या माध्यमाची शक्ती आहे आणि मर्यादाही आहे. प्रेक्षक घरी जाऊन आपल्या आईच्या पाया पडतो. ही गोष्ट चांगलीच. पण रस्त्यावरची मोळी ज्याची त्याच्या डोक्यावर राहते.

येथे थोडे दूर, अमेरिकेकडे पाहणे उपयोगी ठरेल. हीच वर्षे तेथे पडद्याने सार्वजनिक जीवनात शिरकाव करण्याची होती. आपल्याकडे मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते १९७२ साली. अमेरिकेच्या दिवाणखान्यांत मात्र दूरचित्रवाणी १९५० च्या सुमारासच स्थिरावू लागली होती. २३ सप्टेंबर १९५२ रोजी उपाध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन राष्ट्राला उद्देशून बोलले. समर्थकांनी त्यांच्यासाठी जमवलेल्या सुमारे १८,००० डॉलरांच्या निधीविषयी शंका घेतल्या गेल्या होत्या. निक्सन यांनी आपल्या मिळकतीचा व कर्जाचा हिशेब सांगितला, पत्नीच्या साध्या कापडी कोटाचा उल्लेख केला आणि मुलींना भेट मिळालेला ‘चेकर्स’ नावाचा कुत्रा आपण परत करणार नाही असे सांगितले. लोक हेलावले. निक्सन यांची उमेदवारी टिकली आणि नोव्हेंबरात ते निवडूनही आले. त्या भाषणात हिशेबही होता; परंतु इतिहासात ते भाषण ओळखले जाते ते कुत्र्याच्या नावाने. भावना जागी झाली की हिशेबाची आठवण राहत नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

त्याच देशात पडद्यावर कॅथलिक धर्मगुरूंचेही चित्रण होत होते. ‘गोइंग माय वे’ या १९४४ च्या चित्रपटात बिंग क्रॉस्बी यांनी फादर ओमॅली या तरुण, गाणाऱ्या धर्मगुरूची भूमिका केली आणि चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर पारितोषिके मिळवली. तेथेही कर्ज आहे, एका गरीब धर्मग्रामाच्या चर्चवरील कर्ज. तेथेही आई आहे. शेवटी वृद्ध धर्मगुरूची त्याहून वृद्ध आई आयर्लंडहून येते आणि मुलाला मिठी मारते. परंतु कर्जाच्या संकटातून वाट काढते ती तरुण फादरांची गाण्याची कला. चित्रपट गोड आहे आणि आजही कुटुंबासह पाहण्याजोगा आहे. ‘श्यामची आई’शी त्याची तुलना केली तर मात्र अत्र्यांचा मोठेपणा ध्यानात येतो. श्यामच्या घरावरील कर्ज कोणत्याही गाण्याने फिटत नाही. सावकार विरघळत नाही. दारिद्र्य आईचा बळी घेते. डोळे पाणावले तरी चित्रपट खोटे आश्वासन देत नाही. या एका गोष्टीसाठी तो हॉलिवुडच्या त्या गोड चित्रपटापेक्षा श्रेष्ठ मानावा लागेल.

दहा वर्षांनी, १९५४ साली, ‘ऑन द वॉटरफ्रंट’ आला. न्यूयॉर्क बंदरातील हमालांच्या संघटनेवर गुंडांचे वर्चस्व होते आणि जॉन कॉरिडन या येशूसंघीय धर्मगुरूंनी त्या हमालांची बाजू उघडपणे घेतली होती. त्यांच्यावरून चित्रपटातील फादर बॅरी घडवले गेले. जहाजाच्या तळाशी, मारल्या गेलेल्या कामगाराच्या शवापाशी उभे राहून ते सांगतात की, प्रभू येशूचे क्रुसावरील मरण या गोदीतही घडत आहे. येथे धर्मगुरू गात नाही. तो कामगारांमध्ये उतरतो आणि वरून फेकलेल्या वस्तूंचा मारा सोसतो. हा चित्रपटही निर्दोष नाही. दिग्दर्शक इलिया कझान यांनी १९५२ साली संसदीय समितीपुढे आपल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली होती, आणि साक्ष देणाऱ्या नायकाची ही कथा म्हणजे त्यांचे आत्मसमर्थन आहे असे अनेकांनी म्हटले. पडद्यावर शेवटी कामगारांचा विजय होतो. प्रत्यक्षात १९५४ च्या मतदानात जुनीच संघटना टिकून राहिली. तरीही या चित्रपटाने प्रेक्षकाला एका विशिष्ट ठिकाणी, एका विशिष्ट अन्यायासमोर उभे केले हे नाकारता येत नाही. धर्म देवळातून गोदीपर्यंत चालत जातो, एवढे त्याने दाखवले.

हाच निकष आपल्या चित्रपटाला लावला तर काय दिसते? ‘श्यामची आई’ खोटे बोलत नाही. पण तिच्या लोकप्रियतेने गुरुजींना घरातच ठेवले. आईचा धाक आणि आज्ञाधारक मूल एवढाच बोध आपण घेतला. शाळांतून, संमेलनांतून, मातृदिनाच्या भाषणांतून श्यामची आई आली ती मुलांनी वडीलधाऱ्यांचे ऐकावे हे सांगण्यासाठी. वस्तुतः त्या आईने मुलाला गावाचे न ऐकण्याची पहिली दीक्षा दिली होती. मोळीचा प्रसंग म्हणजे दुसरे काय? सारे गाव हात मागे घेत असताना तिने आपल्या मुलाचा हात पुढे केला. अत्र्यांना ही दिशा ठाऊक नव्हती असे नव्हे. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. घरातील आईनंतर समाजाशी झगडणारा पुरुष त्यांनी पडद्यावर आणला. परंतु लोकांनी घराघरात जपली ती पहिली मूर्ती. फुले आदराचे राहिले. श्यामची आई आवडती झाली. प्रेक्षक कलाकृतीतून काय उचलतो याची जबाबदारी प्रेक्षकालाही घ्यावी लागते.

याच काळात अत्र्यांच्या हातून महाराष्ट्रासमोर आणखी एक आई आली आणि ती सर्वस्वी खानदेशची होती. असोद्याच्या माहेराची आणि जळगावच्या सासरची बहिणाबाई चौधरी ही निरक्षर शेतकरी स्त्री घरातली आणि शेतातली कामे करता करता ओव्या रचीत असे. मुलगा, कवी सोपानदेव, आणि आप्तमंडळी यांनी त्यातील काही टिपून ठेवल्या. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. एका वर्षाच्या अंतराने आलेल्या या दोन माता शेजारी ठेवून पाहाव्यात. श्यामची आई आपल्याला भेटते ती मुलाच्या आठवणीतून; तिच्याविषयी आपण ऐकतो, तिचे मन मुलगा सांगतो. बहिणाबाई स्वतः बोलते. अकाली वैधव्य वाट्याला आले तरी ती स्वतःची कीव करीत नाही. चूल, जाते, नांगर, पेरणी, माणसाचा लोभ, मनाचे चांचल्य या सर्वांकडे ती आपल्या डोळ्यांनी पाहते आणि आपल्या लेवा बोलीत त्यांचे मर्म सांगते. तिच्यासमोर डोळे पुसण्यापेक्षा कान देण्याची आवश्यकता वाटते.

तिच्याही गाण्यांना पुढे रुपेरी पडद्याने हात लावला. ‘मानिनी’ या १९६१ च्या चित्रपटात ती घेतली गेली आणि जळगावच्या शेतातील ओवी मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षातून महाराष्ट्रभर गेली. त्यामुळे बहिणाबाईचे नाव घरोघर झाले, हा लाभ लहान नाही. पण चालीची गोडी इतकी की शब्दांतील चटका कित्येकांना जाणवतच नाही. लोकरंजनाचा हा नियमच दिसतो. ते आपल्याला थोर माणसांच्या जवळ नेते आणि त्याच वेळी त्यांच्या बोलण्यातील धार थोडी बोथट करते. म्हणून लोकरंजन त्याज्य ठरत नाही. बोथट झालेली धार पुन्हा लावण्याचे काम वाचकाने, शिक्षकाने आणि घरातील वडीलधाऱ्यांनी करावयाचे असते, एवढाच याचा अर्थ.

अलीकडे ही उणीव चित्रपटसृष्टीलाही जाणवली असावी. २०२३ साली सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल रंगात. तिच्यात लहान श्यामच्या जोडीला स्वातंत्र्यलढ्यातील साने गुरुजीही दिसतात. ती भूमिका ओम भूतकर यांनी केली आहे. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. दोन्ही चित्रपटांच्या कलागुणांची तुलना हा वेगळा विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, मोठा झालेला श्याम दाखवल्यावाचून आईची गोष्ट पुरी होत नाही हे सत्तर वर्षांनी मान्य झाले. पुस्तकाने ते पहिल्याच रात्री सांगितले होते.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. उपवासकाळात आपण क्रुसाची वाट करतो. तिच्या आठव्या स्थानावर यरुशलेमच्या स्त्रिया येशूसाठी रडतात, आणि तो त्यांना सांगतो की, माझ्यासाठी रडू नका, स्वतःसाठी व आपल्या मुलाबाळांसाठी रडा. त्यांच्या अश्रूंचा तो अव्हेर करीत नाही. त्यांना वळण देतो. त्याच वाटेवर पाचव्या स्थानी कुरेनेकर शिमोन आहे. तो आपणहून पुढे आलेला नाही. त्याला धरून आणले आहे, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते असे शुभवर्तमान सांगत नाही. पण क्रूस त्याने उचलला. श्यामही मोळी उचलायला आपणहून गेला नव्हता. त्याला आईने पाठवले होते. पुष्कळदा चांगले काम प्रथम दुसऱ्याच्या सांगण्यावरून घडते आणि मन मागाहून तयार होते. मुलांना घडवणाऱ्या आईबापांना यातून धीर यावा.

तेव्हा ‘श्यामची आई’ घराघरात अवश्य पाहावी, जुनी आणि नवी दोन्ही. धर्मग्रामाच्या सभागृहात ती दाखवली जाईल तेव्हा मोठ्यांनी डोळे टिपण्यात संकोच मानू नये. मात्र चित्रपट संपल्यावर दिवे लागताच सर्वांनी उठून जाण्यापूर्वी पुस्तकातील मोळीची ती रात्र कोणीतरी मोठ्याने वाचावी आणि मुलांना दोन प्रश्न विचारावेत. आपल्या गावात, आपल्या वस्तीत, आज मोळी कोणाच्या डोक्यावरून पडली आहे? आणि तिला हात लावायला आपण कशाला भितो? जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत या प्रश्नांची उत्तरे शोधायला फार लांब जावे लागणार नाही. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची मुले, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे आदिवासी बांधव, कर्जापायी रात्र रात्र जागणारा कापूस उत्पादक शेतकरी, हे सारे आपल्याच वाटेवर भेटतात. मुलांनी दिलेली उत्तरे कदाचित मोठ्यांना अवघड वाटतील. तशी ती वाटली, तर त्या आईने मुलाला जे शिकवले त्यातील थोडे आपल्याही घरात पोहोचले असे समजावे.